कारणाचा रकाना : खान्देश, नशा आणि कायदा

एकोणिसाव्या शतकात मुंबई इलाख्यात रस्त्यावर भटकणारा, लोकांच्या अंगावर धावून जाणारा माणूस आढळला, तर त्याला आधी गाठे तो पोलीस. वैद्याची पाळी नंतर येई. 1858 च्या वेड्यांच्या इस्पितळांच्या कायद्याने क्रम ठरवून दिला होता : पोलिसाने धरायचे, मॅजिस्ट्रेटपुढे उभे करायचे, मॅजिस्ट्रेटने डॉक्टरचा दाखला घ्यायचा आणि हुकूम काढून रवानगी करायची. रोग्याबरोबर एक तक्ता जाई. नाव, जात, वय, गाव अशा रकान्यांमध्ये एक रकाना वेडाच्या कारणाचा असे. इस्पितळांच्या वार्षिक अहवालांत 'गांजा' या कारणापुढे जो आकडा छापून येई, तो बहुतेक या रकान्यातून उचललेला असे, आणि हा रकाना भरला जाई पोलिसांच्या चौकशीत.

ही गोष्ट उघड झाली ती वेगळ्याच निमित्ताने. 2 मार्च 1893 रोजी हाउस ऑफ कॉमन्समध्ये डब्ल्यू. एस. केन यांनी हिंदुस्थानातल्या गांजाविषयी प्रश्न विचारला आणि त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारला भांग-गांजा-चरस यांच्या चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. मॅकवर्थ यंग अध्यक्ष, सात सभासद, त्यांपैकी तीन हिंदी. आयोगाने 1,193 साक्षीदारांचे म्हणणे नोंदवले. त्याच्या सात खंडांतला आजही वाचनीय भाग म्हणजे वेड्यांच्या इस्पितळांवरचे प्रकरण. 1892 सालात देशभरच्या इस्पितळांत 1,344 रोगी दाखल झाले होते आणि त्यांपैकी 222 जणांच्या वेडाचे कारण भांग-गांजा असे नोंदले गेले होते. आयोगाने या नोंदी एकेक करून उलगडल्या, मूळ गावी चौकशी करवली. शेवटी हाती 98 उरले, आणि त्यांतही केवळ या नशेमुळे वेड लागले असे म्हणता येईल असे 61 च. बाकीच्यांत कुणी गांजा ओढत होता एवढेच खरे होते, कुणाबद्दल तेही खरे नव्हते. कारण विचारले गेले, घरच्यांना सांगता आले नाही, रकाना मोकळा ठेवणे बरे दिसेना, म्हणून 'गांजा' लिहिले गेले असा हा प्रकार.

आयोगाने गांजावर सरसकट बंदी घालू नये, नियंत्रण आणि कर यांवर भागवावे असा निष्कर्ष काढला. त्यामागे अबकारी उत्पन्नाचा विचार अजिबात नव्हता असे मानण्याइतके भोळे होण्याचे कारण नाही. पण रकान्याबाबतचे त्याचे निरीक्षण प्रामाणिक होते, आणि मला ते त्याच्या निष्कर्षापेक्षा मोलाचे वाटते. नशा करणाऱ्या माणसाची उपचाराशी गाठ घालून देणारा मध्यस्थ पोलीस असेल, तर रोगाचे निदानही पोलिसी होते, हे त्यातून दिसते. जळगाव-धुळ्याच्या मुलखात हा मध्यस्थ पुढे सव्वाशे वर्षांत फारसा बदलला नाही. कायदे मात्र पुष्कळ बदलले.

खान्देशाची जागा या कथेत मधोमध आहे. ईशान्येला निमाडातले खंडवा, मध्य प्रांतातल्या परवान्याच्या गांजाचे आगर. दक्षिणेला अहमदनगर, मुंबई इलाख्यातल्या गांजाच्या लागवडीचे ठिकाण. माल दोन्ही अंगांनी उपलब्ध आणि उपचाराचे ठिकाण मात्र कुठल्याच अंगाला जवळ नाही. इलाख्यातली वेड्यांची इस्पितळे कुलाबा, पुणे, रत्नागिरी अशा ठिकाणी होती. धुळ्याला तर चाळीसगावहून रेल्वेचा फाटा आला तोच 1900 साली. शिरपूर किंवा तळोद्याकडच्या गरीब माणसाला तिथवर पोहोचवायचे तर मॅजिस्ट्रेटचा हुकूम हेच व्यवहारात एकमेव वाहन होते, आणि हुकूम निघायचा तर आधी तो माणूस 'धोकादायक' किंवा 'भटका' ठरावा लागे. निमूटपणे घराच्या ओट्यावर बसून झिजणाऱ्याला या कायद्यात जागा नव्हती.

अफूच्या कायद्याचा जन्म तर आरोग्याच्या विचारातून झालाच नाही. माळव्याची अफू संस्थानांच्या मुलखात पिके, कंपनीच्या नव्हे. ती चीनला जायची तर मुंबई बंदरातून, आणि मुंबईकडे यायची एक मोठी वाट म्हणजे आग्रा रस्ता : सेंधव्याचा घाट उतरून शिरपूर, धुळे, मालेगाव, नाशिक. 1831 पासून कंपनीने पेटीमागे शुल्क घेऊन पास देण्याची पद्धत सुरू केली. आरंभी 175 रुपये, 1835 मध्ये 125. मग 1843 मध्ये सिंध जिंकला, कराचीकडची चोरवाट बंद झाली आणि दर चढत गेला : 1847 मध्ये 400, 1861 मध्ये 700 रुपये. खान्देशातून जाणाऱ्या अफूकडे सरकार कोणत्या नजरेने पाहत होते ते या दरांवरून कळते. 1878 च्या अफू कायद्यातही परवान्याहून जास्त अफू बाळगणारा हा मुख्यतः महसूल बुडवणारा होता. अफूवाचून ज्याचे हातपाय कापतात असा माणूस त्या कायद्याच्या भाषेत कुठे नव्हता. 1893 ते 1895 या काळात अफूवरही एक शाही आयोग बसला आणि हिंदुस्थानात बंदीची गरज नाही असे सांगून उठला. कामावर जाणाऱ्या बायका तान्ह्या मुलांना निजवण्यासाठी देत ती 'बाळागोळी' त्यानंतरही पुष्कळ वर्षे चालू राहिली.

दारूचे त्याहून वेगळे. अफू, गांजा विकत घ्यायच्या वस्तू होत्या. मोहाची दारू सातपुड्यातला भिल्ल, पावरा घरी गाळत होता. देवाला, लग्नाला, मयताला ती लागे. 1878 च्या मुंबई अबकारी कायद्याने परवान्यावाचून दारू गाळणे हा गुन्हा ठरवला. सरकारमान्य भट्टीचा माल मक्तेदाराच्या दुकानात विकला जाऊ लागला आणि पश्चिम खान्देशापासून सुरतेपर्यंतच्या आदिवासी पट्ट्यात हे दुकानदार बव्हंशी पारशी होते. तीच मोहफुले, तेच पेय. घरच्या मडक्यात असले तर गुन्हा आणि दुकानात उधारीवर घेतले तर कर्ज. आदिवासींच्या व्यसनाविषयी अधिकाऱ्यांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे, मात्र या उधारीविषयी त्या मानाने कमी.

म्हणून व्यसन सोडण्याच्या पहिल्या मोठ्या चळवळी या मुलखात सरकारबाहेर उभ्या राहिल्या, यात नवल नाही. 1922-23 च्या सुमारास 'देवी'ची लाट आली. पालघरच्या किनाऱ्यावरून निघून डांगमार्गे ती सुरत जिल्ह्यात आणि इकडे खान्देशच्या पश्चिम भागात पसरली. देवी अंगात येणारी माणसे सांगत : दारू-ताडी सोडा, रोज अंघोळ करा, दारूच्या दुकानदारांकडे कामाला जाऊ नका. डेव्हिड हार्डिमन यांनी या चळवळीवर सविस्तर लिहिले आहे. दारूबंदीच्या आज्ञेत आर्थिक बंडही होते, हे त्यांनी नीट दाखवून दिले. दीड दशकानंतर तळोदा तालुक्यातल्या मोरवडचे गुला महाराज पुढे आले. तळोदा तेव्हा पश्चिम खान्देश जिल्ह्यात, म्हणजे पुढच्या धुळे जिल्ह्यात, आणि 1998 पासून नंदुरबारमध्ये. आरतीला हजारो भिल्ल जमत, दारू सोडल्याचे सांगत, अंघोळ करून स्वच्छ कपड्यांत बसत. 1938 मध्येच गुला महाराज वारले. त्यांचे भाऊ रामदास महाराज यांनी काम पुढे चालवले. 1970 नंतर शहादा भागात अंबरसिंग महाराज आणि श्रमिक संघटना यांच्या काळात आदिवासी बायकांनी गावोगाव हातभट्टीची मडकी फोडली, त्यामागेही ही जुनी आठवण होतीच.

या चळवळींचे कौतुक करताना एक गोष्ट आपण विसरतो. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्या माणसाने एका दिवसात दारू तोडली, तर दोन-तीन दिवसांत त्याला कंप सुटतो, झटके येतात, भास होतात, आणि वेळेवर औषध न मिळाल्यास तो दगावूही शकतो. शपथ घेतलेल्या हजारांत असे काही जण असणारच. त्यांना आरती पुरणार नव्हती, दवाखाना लागणार होता. चळवळीजवळ दवाखाना नव्हता आणि ज्या सरकारजवळ तो होता, त्याची या माणसांशी ओळख अबकारी शिपायामार्फत होती.

स्वातंत्र्याच्या आगेमागे वाटले, आता हे बदलेल. 1937 च्या खेर मंत्रिमंडळात आरोग्य आणि अबकारी ही दोन्ही खाती डॉ. एम. डी. डी. गिल्डर यांच्याकडे होती. हृदयरोगाचे नामांकित डॉक्टर अबकारी मंत्री, असा योग पुन्हा क्वचितच आला असेल. 1 ऑगस्ट 1939 रोजी मुंबई शहरात दारूबंदी झाली. युद्धाच्या धामधुमीत ती विस्कटली, पण 1949 चा मुंबई दारूबंदी कायदा आला आणि एप्रिल 1950 पासून जळगाव-धुळ्यासह सगळ्या मुंबई राज्यात दारूबंदी लागू झाली. गांजा, भांग, अफू हेही त्याच कायद्याच्या कक्षेत होते. सातपुड्याच्या पलीकडे, मध्य प्रदेशात, परवान्याचा गांजा तेव्हाही विकला जात होता. एका डोंगराच्या दोन उतारांवर दोन कायदे.

या कायद्यात आरोग्य हा शब्द आला, पण चमत्कारिक ठिकाणी. ज्याला प्यायचे आहे त्याने परवाना घ्यायचा आणि तो परवाना द्यायचा आरोग्याच्या रक्षणासाठी. महाराष्ट्रात 1960 च्या दशकात बंदी सैल झाली, 1973 नंतर देशी दारूची दुकानेही उघडली, परवाना मात्र राहिला. एका दिवसाचा, वर्षाचा, तहहयात, असा तो आजही मिळतो आणि त्यावर आजही तब्येतीचेच कारण छापलेले असते. तब्येत तपासायला मात्र कोणी बसलेले नाही. एका दिवसाचा परवाना दुकानाच्या गल्ल्यावरच फाडून देतात. मुंबईच्या एफ. एन. बलसारा यांनी या कायद्याला आव्हान दिले तेव्हा 1951 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मद्यार्क असलेल्या औषधांवरची आणि प्रसाधनांवरची बंधने रद्द केली. म्हणजे टॉनिकची बाटली बाळगणाऱ्याला दिलासा मिळाला. योग्यच झाले. पण त्या सगळ्या वादात दारूच्या आजाराने ग्रासलेल्या माणसाच्या उपचाराचा प्रश्न कोणत्याच पक्षाचा नव्हता.

पुढे या कायद्यात कलम 129-अ आले. संशयितास डॉक्टरकडे नेऊन तपासावे, रक्त घ्यावे, नमुना रासायनिक विश्लेषकाकडे धाडावा. रक्तात ठरावीक प्रमाणापेक्षा अधिक मद्यार्क निघाला तर आरोपीने दारू प्यायली असे गृहीत धरावे. हे कलम मी पहिल्यांदा वाचले तेव्हा त्यातली विसंगती लगेच ध्यानात आली नाही, इतके ते आपल्या अंगवळणी पडले आहे. दारू पिणाऱ्या माणसाला कायदा सरकारी दवाखान्यात डॉक्टरपुढे आणून बसवत होता. दंडात सुई जात होती. नाव, वय, चालण्याची ढब, तोंडाचा वास, बुबुळांची स्थिती हे सगळे लिहून घेतले जात होते. आणि त्यानंतर त्याला परत पोलीस ठाण्यात नेले जात होते. यकृत सुजले आहे का, हे पाहण्याचा रकाना त्या फॉर्मात लागत नव्हता.

1985 चा कायदा, ज्याला वकिलापासून हवालदारापर्यंत सगळे 'एनडीपीएस' म्हणतात, हा गर्द आणि गांजा या दोन्हींसाठीचा आजचा मुख्य कायदा. 1961 च्या आंतरराष्ट्रीय कराराने भारताला गांजाची परंपरागत विक्री थांबवण्यासाठी 25 वर्षांची मुदत दिली होती. ती संपत आली तेव्हा हा कायदा झाला. शिक्षा कडक, जामीन अवघड, अशी त्याची ख्याती आहे आणि ती खरी आहे. पण त्याच कायद्यात दोन दारे आहेत, ज्यांची चर्चा कमी होते. कलम 39 : अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस व्यसनी असेल, तर न्यायालय त्याला तुरुंगात न पाठवता, त्याच्या संमतीने, सरकारी किंवा सरकारमान्य ठिकाणी उपचारांसाठी बंधपत्रावर सोडू शकते. आणि कलम 64-अ, जे 1989 च्या दुरुस्तीने आले : सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेल्या व्यसनी माणसाने आपण होऊन मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेतले, तर त्याच्यावर खटलाच चालणार नाही. उपचार अर्धवट सोडले तर ही सवलत काढून घेता येते. उपचार केंद्रे उभारण्याविषयी कलम 71 आहे, पण ते सरकारच्या मर्जीवर सोडलेले आहे. दारांची चौकट केंद्राने बसवली, आतली खोली बांधायचे ऐच्छिक ठेवले.

64-अ चा लाभ मिळाल्याचे सर्वांत गाजलेले उदाहरण मुंबईचे आहे. 2001 च्या कोकेनच्या एका प्रकरणात एका चित्रपट अभिनेत्याला विशेष न्यायालयाने 2012 मध्ये या कलमाखाली खटल्यातून मुक्त केले. त्याने सरकारी रुग्णालयात उपचार पूर्ण केले होते. निकालावर तेव्हा नाके मुरडली गेली, श्रीमंताला वेगळा न्याय वगैरे. माझ्या मते त्या न्यायालयाने कायद्याने सांगितले तेच केले. अडचण आहे ती हेच कलम शिरपूर, चोपडा, धडगावच्या न्यायालयांत कोण उच्चारतो ही. त्यासाठी वकील लागतो, तोही ज्याने हे कलम वाचले आहे असा. पुढे मान्यताप्राप्त संस्था लागते आणि ती गाठण्याइतका पैसा व वेळ लागतो. मजुराजवळ यांतले काहीच नसते आणि सहा महिन्यांची कैद किंवा दहा हजारांचा दंड समोर असताना गुन्हा कबूल करून थोडक्यात सुटणे त्याला परवडते. कबुलीनंतर खटला संपतो, व्यसन तसेच घरी येते.

सातपुड्यात आणखी एक गुंता आहे. शिरपूर तालुक्यात, मध्य प्रदेशच्या हद्दीलगतच्या वनजमिनीवर गांजाची लागवड सापडल्याच्या बातम्या दर हंगामात येतात. मका-कापसाच्या आडोशाला झाडे, पोलीस ती उपटतात, पंचनामा होतो, वजन होते. या वजनावर सगळे ठरते. गांजा एक किलोपर्यंत अल्प प्रमाण, वीस किलोंपासून पुढे व्यापारी प्रमाण. कायद्याच्या व्याख्येत गांजा म्हणजे झाडाचे फुलोरा-फळांचे शेंडे. शेंड्यांवाचून नुसती पाने आणि बिया त्यात येत नाहीत. झाड मात्र बहुधा मुळासकट, खोडासकट काट्यावर चढते. मुंबई उच्च न्यायालयाने 2022 मध्ये जामीन देताना पाने-बियांचा हा भेद अधोरेखित केला. लागवड करणारा आणि ओढणारा हे एकच असतात असे नाही, बहुतेकदा नसतातच. लागवडीमागे कुणाचा पैसा आहे हा निराळा विषय. पण बाजाराच्या दिवशी पिशवीत पाला-काड्यांसकट दीड किलो घेऊन जाणारा गंजेडी सापडला, तर काड्या तोलल्या की नाही यावर त्याला उपचाराचे दार उघडे की बंद हे ठरते. 1892 साली पोलिसाची लेखणी ठरवत होती, आता तराजू ठरवतो.

बरे, दार उघडले असे धरू. आत काय आहे? महाराष्ट्रात चार प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत : ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. खान्देशात एकही नाही. व्यसनमुक्तीचे नाव काढले की आजही लोक पुण्याचे मुक्तांगण सांगतात. 1986 च्या ऑगस्टमध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी, पु. ल. देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने, येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ते सुरू केले. अवचटांच्या गर्दवरच्या लेखनातून ते उभे राहिले हे दिवाळी अंकाच्या वाचकाला सांगायला नको. मनोरुग्णालयात नोकरी करणाऱ्या डॉक्टरबाईंनी व्यसनी माणसाला 'रुग्णमित्र' म्हणून वागवले, गणवेश आणि गजांशिवाय, ही या सगळ्या इतिहासातली मोठी घटना. पण धुळ्याहून पुणे म्हणजे एसटीत रात्र काढावी लागते, आणि बरोबर येणाऱ्या बायकोची तेवढ्या दिवसांची मजुरी बुडते. 2019 मध्ये दिल्लीच्या एम्सने केंद्र सरकारसाठी केलेल्या देशव्यापी पाहणीत दारूवर अवलंबून असलेल्या 38 जणांपैकी एकालाच कोणत्या ना कोणत्या प्रकारचे उपचार मिळाल्याचे आढळले. सातपुड्याच्या पायथ्याशी हे प्रमाण देशाहून बरे असेल असे समजण्याला आधार नाही.

अलीकडे दोन गोष्टी बदलल्या. धुळ्याचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जुने आहे. जळगावला 2018 मध्ये तसे महाविद्यालय सुरू झाले आणि मग नंदुरबारलाही. म्हणजे मानसोपचार विभाग आता जिल्ह्याच्या गावी आहे, 1900 सालासारखा घाटापलीकडे नाही. दुसरी गोष्ट 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा. दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनाशी निगडित मानसिक अवस्था त्याने मानसिक आजाराच्या व्याख्येत घेतल्या आणि उपचार हा हक्क म्हटला. किमान सरकारी सेवा जिल्ह्यात नसेल तर त्याच जिल्ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी घेतलेल्या उपचारांचा खर्च सरकारने सोसावा, इतके स्पष्ट कलम त्यात आहे. रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण दिसला तर पोलिसाने काय करावे तेही आहे, आणि 1858 च्या कायद्याशी ताडून पाहिले तर फरक जाणवतो : पोलिसाने त्याला संरक्षणात घ्यायचे, कारणे सांगायची, चोवीस तासांत सरकारी आरोग्य केंद्रात न्यायचे. कोठडीत ठेवायचे नाही.

राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2015 मध्ये अमली पदार्थांच्या बळींना कायदेविषयक मदत देण्याची एक योजना काढली. जळगाव आणि धुळे या दोन्ही जिल्हा न्यायालयांत विधी सेवा प्राधिकरणे आहेत, त्यांच्याकडे वकिलांची यादी आहे, तालुक्याला स्वयंसेवक आहेत. पहिल्या हजेरीच्या दिवशी, आरोपीने कबुलीचा अंगठा उठवण्याआधी, यांच्यापैकी कुणी त्याला एवढे विचारू शकेल : तू रोज ओढतोस का, सोडायचे आहे का, आणि त्यासाठी अर्ज करता येतो हे तुला माहीत आहे का? त्या अर्जात मान्यताप्राप्त उपचार केंद्राचे नाव लिहावे लागते. शिरपूरच्या किंवा चोपड्याच्या कोर्टात बसलेल्या वकिलाने तिथे काय लिहायचे, ती यादी कोर्टाच्या फलकावर लावण्याचे काम कुणाचे, आरोग्य खात्याचे, समाजकल्याणचे की पोलिसांचे, हे मात्र त्या योजनेच्या पुढे जाऊन जिल्ह्यातच ठरवावे लागेल.